एक स्पीकर काढल्यावर

एकदा नव्हे, तर तीनदा एक व्यापारी एकाच दुकानाची पायरी चढला. आणि तिसऱ्यांदा चढला तेव्हा त्याला काही विकत घ्यायचे नव्हते. आधीच्या दोन खेपांत गाडीत बसवून घेतलेले सारे काढून टाकायचे होते. त्याची ही कथा.

दृष्टांत म्हटला की ऐकणाऱ्यांना पर्णकुटी हवी असते, नदीकाठ हवा असतो आणि गुरूला छातीपर्यंत दाढी हवी असते. मला या थाटाचा आता कंटाळा आला आहे. आमच्या कथेतला वृद्ध गुरू हमरस्त्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोटारींना स्पीकर बसवतो, आणि दाढी तो दर रविवारी करतो. पंचक्रोशीत त्याला सगळे वस्ताद म्हणतात. गाड्यांत कॅसेट वाजत होत्या तेव्हापासून त्याने हे काम केले आहे. त्याच्या हाताखाली एक शिष्य आहे. तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप, हाताने चपळ आणि जिभेने त्याहून चपळ. कोणता स्पीकर किती वॅटचा आणि कोणत्या गाडीच्या दारात कोणत्या मापाचा बसतो, हे त्याला तोंडपाठ होते. गिऱ्हाईक गाडीतून उतरायच्या आत त्याला काय हवे ते शिष्याने ठरवलेले असे.

व्यापारी होता तांब्यापितळेच्या भांड्यांचा आणि घंटांचा. भांडी कोणीही विकते, पण घंटेसाठी लोक दूरदूरच्या गावांहून याच्याकडे येत. ओतारी एका रांगेत सहा-सात घंटा टांगून ठेवत. हा प्रत्येक घंटेवर एकच टोला देई, डोळे मिटून नाद पार विरेपर्यंत थांबे, आणि शेवटी एकीकडे बोट करी. केसाएवढी चीर असलेली घंटासुद्धा त्याच्या कानातून सुटत नसे. ‘शेठनी ऐकलेली आहे’ एवढे म्हटले की देवस्थानाचे पंच पुढे काही विचारत नसत. त्याची सारी प्रतिष्ठा या तीन शब्दांत होती.

ओताऱ्यांच्या गावापर्यंतचा रस्ता तासाभराचा. त्या प्रवासात त्याला एकच गोष्ट ऐकायची असे. त्याची पत्नी भजनी मंडळात गात असे, आणि तालुक्याच्या स्टुडिओत मंडळाचे आठ अभंग ध्वनिमुद्रित झाले होते. गाडीतले मूळचे स्पीकर जुने झाले, त्यांचे पडदे फाटले, आवाज फरफरू लागला. तेव्हा व्यापारी पहिल्यांदा त्या दुकानाची पायरी चढला.

नेमके त्याच सुमारास वस्ताद मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेऊन लेकीकडे राहायला गेले होते. दुकान शिष्याच्या हाती होते. त्याने व्यापाऱ्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि उत्साहाने समजावले, “शेठ, एकच स्पीकर सगळं वाजवतो तो काळ गेला आता. ह्यो सेट बगा. खाली दारात मोठा स्पीकर, वर आरशाच्या कोपऱ्यात बारका. जाड आवाज खालनं, बारीक आवाज वरनं. टाळ न् टाळ मोजून घ्या.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. सेट उत्तम होता. त्याने दोन्ही दारांत तो नेटका बसवला, जाळ्या लावल्या, काच पुसून गाडी ताब्यात दिली.

आठवड्याने व्यापारी परत आला. “टाळ ऐकू येतात, पेटी ऐकू येते,” तो म्हणाला, “पण माणूस दिसेना.”

“म्हंजे वं?”

“गाणारी दिसत नाही. पूर्वी डोळ्यांपुढे बसून गात असल्यासारखी वाटायची. आता सगळं वाजतंय, मधे मात्र पोकळ.”

शिष्याने मान डोलावली. त्याला उत्तर ठाऊकच होते. “ताकद कमी पडतीया शेठ. एवढ्या चांगल्या स्पीकरला ताकद पण तशीच पायजे. ॲम्प्लिफायर घालू, बगा कशी पुढं येतीया ती.” आणि दुपारपर्यंत ॲम्प्लिफायर सीटखाली बसला.

आवाज वाढला. टाळ कानाला टोचू लागले, पेटी डाव्या-उजव्या बाजूंनी भरून आली, आणि गाणारी पूर्वीपेक्षाही लांब गेली. व्यापाऱ्याने मुलाला शेजारी बसवून ऐकवले. मुलगा म्हणाला, “भारी वाजतंय की बाबा!” मेहुण्याला ऐकवले, तो तर स्वतःच्या गाडीत असलाच सेट बसवायला निघाला. सर्वांना चांगले वाटत होते. न वाटणारा हा एकटाच. शेवटी एके दिवशी मुलगा अतिशय मायेने म्हणाला, “बाबा, रागावू नका, पण एकदा कान दाखवून घेऊ या का?”

त्या वाक्याने व्यापारी मनातून हादरला. डॉक्टरकडे जाण्याचे त्याला धैर्य झाले नाही, कारण डॉक्टर काय सांगतील याची त्याला मनोमन खात्री होती. घरात तो पत्नीच्या गाण्याविषयी बोलेनासा झाला. ओताऱ्यांकडे गेला, टांगलेल्या घंटांपुढे उभा राहिला, हातोडी उचलली, एक टोला दिला. आणि ऐकलेल्या नादावर त्याचा विश्वासच बसेना. चीर असेल आणि आपल्याला कळली नसेल तर? त्याने हातोडी खाली ठेवली आणि मुलाला सांगितले, “इथून पुढे तूच निवड.” मुलाने निवडली. डोंगरावरच्या एका देवळासाठी ती घंटा एका संध्याकाळी टेम्पोने निघायची होती, आणि गावकऱ्यांना निरोप गेला होता तो नेहमीचाच: शेठनी ऐकलेली आहे. तो निरोप खोटा होता हे फक्त त्या बापलेकांना ठाऊक होते.

त्याच दिवशी दुपारी, अशा मनःस्थितीत तो तिसऱ्यांदा दुकानात आला. वस्ताद परतले होते. डोळ्यांवर अजून काळा चष्मा, आणि दुपारच्या उन्हाला पाठ करून बसलेले.

“वस्ताद, हे सगळं काढून घ्या,” व्यापारी म्हणाला. “ज्याला ऐकू येतं अशा कुणाच्या तरी गाडीला लावा. माझा कान गेला.”

शिष्य लगबगीने पुढे झाला. “काढताय कशाला शेठ? मागं डिकीत एक सबवूफर टाकू. जरा जाड आवाज आला की...”

वस्तादांनी हात वर करून त्याला थांबवले.

“कान गेला म्हणून कुणी सांगितलं?” वस्तादांनी विचारले.

“सांगायला कशाला हवं? सगळ्यांना ऐकू येतं ते मला येत नाही.”

“ऱ्हाऊ द्या. वैनींचं भजन समद्या पंचक्रोशीला म्हाईत हाय, त्येच लावा जरा.”

वस्ताद गाडीत शेजारच्या सीटवर बसले. गाणे सुरू झाले. त्यांनी डोके उजवीकडे कलवले, मग डावीकडे, मग दोन्ही सीटांच्या मधोमध आणून तिथे काही क्षण तसेच धरले. एवढेच. मग खाली उतरून शिष्याला म्हणाले, “उजव्या दाराच्या वायरी सोड.”

“सोडू?” शिष्याला वाटले आपल्याच ऐकण्यात काही चूक झाली. “वस्ताद, त्यो तर झकास वाजतोय.”

“सोड म्हणतोय न्हवं!”

शिष्याने व्यापाऱ्याच्या देखत उजव्या दाराच्या वायरी सोडल्या. वरचा बारका स्पीकर आणि खालचा मोठा, दोन्ही मुके झाले. हे करताना त्याचे मन खट्टू झाले होते. त्याला वाटले, वस्ताद बिचाऱ्या माणसाची परीक्षा पाहत आहेत. अर्धा आवाज काढून घेतल्याचेही याला कळले नाही, की कानाचा निकाल लागला. गिऱ्हाइकाची अशी चारचौघांत शोभा करणे त्याला बरे वाटेना, पण वस्तादांपुढे बोलायची सोय नव्हती.

“शेठ, बसा. डोळं मिटा. आणि पयल्यापेक्षा कमी वाटतंय का जास्त, एवढंच सांगा.”

गाणे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. व्यापारी डोळे मिटून ऐकत राहिला. पहिले कडवे झाले, दुसरे झाले. त्याच्या कपाळावर घाम आला. त्याची अवस्था खरोखरच कठीण होती. एक बाजू बंद केल्याचे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. बुद्धी सांगत होती, अर्धे गेले तर अर्धेच उरणार. शाळेतले पोरही हेच उत्तर देईल. आणि कान मात्र काही भलतेच सांगत होता. ज्या कानावर त्याने महिनाभर विश्वास ठेवला नव्हता, त्याचे म्हणणे उघड बोलून दाखवायचे की शहाण्यासारखे ‘कमी’ म्हणून मोकळे व्हायचे?

“बोला की,” वस्ताद म्हणाले.

“मी सांगितलं तर तुम्ही हसाल.”

“हसू. त्यात काय जातंय?”

व्यापाऱ्याने डोळे न उघडताच सांगितले. “जास्त आहे. आवाज लहान झाला, पण गाणारी आली. इतके दिवस नुसते टाळच होते. आता ही डाव्या दाराशी बसून म्हणतेय. ओळ संपताना श्वास घेते तोसुद्धा कळतोय.” मग त्याने डोळे उघडले, मुक्या दाराकडे पाहिले, आणि त्याचा आवाज एकदम पडला. “पण असं कसं होईल वस्ताद? तुम्ही तर एक काढून घेतला. म्हणजे माझा कान पुरताच बिघडला म्हणायचा.”

कोणीही हसले नाही. वस्तादांनी खिडकीतून हात घालून त्याच्या खांद्यावर ठेवला.

“कान बिघडलेला माणूस ‘कमी’ म्हणाला असता शेठ. एक काढलाय ते त्याला दिसलं असतं, आन् दिसलं तेच त्यानं सांगितलं असतं. तुमी दिसलेलं बाजूला ठेवलं आन् ऐकलं ते बोलला. तुमचा कान ह्या गाडीत बसलेल्या समद्यांपरास चांगला हाय. थांबा, दावतो.”

त्यांनी भिंतीवरचे घड्याळ खाली उतरवून त्यातला सेल काढला. शिष्याकडून दोन्ही दारांच्या जाळ्या उघडवून घेतल्या, डाव्या दाराच्याही वायरी ॲम्प्लिफायरपासून सोडवल्या. मग वायरींचे रंग पाहून सेलचे एक टोक रंगीत वायरीला आणि दुसरे काळ्या वायरीला टेकवले. आधी उजव्या दाराच्या. टक्क आवाज झाला आणि उजव्या स्पीकरचा पडदा चिमूटभर बाहेर आला. मग अगदी तसाच सेल त्यांनी डाव्या दाराच्या वायरींना टेकवला. पुन्हा टक्क, पण डावा पडदा आत गेला.

“दिसलं?” वस्ताद म्हणाले. “आवाज म्हंजे दुसरं काय? पडद्यानं हवा ढकलायची, ती आपल्या कानापतुर येती. हितं उजवा पुढं येतोय तवा डावा मागं जातोय. ह्यानं ढकललेली हवा त्यो वढून घेतोय. दोगं बी राबत्यात, दोगं बी चांगल्या घरचं, पर हातात काय न्हाई. आता टाळ एका अंगाला, पेटी दुसऱ्या अंगाला. त्यांचं काय वाकडं होत न्हाई, ते येत्यात ऐकू. पर गाणारीचा आवाज दोन्ही दारांत सारखा सोडलेला असतोय. त्यो नेमका मधल्या मधी एकमेकांत जिरतोय. म्हणून शेठना बाकी सगळं ऐकू आलं आन् माणूस तेवढा गेला. वर आपण ॲम्प्लिफायर घातला. त्यानं काय केलं? ढकलणाऱ्याला बी जोर दिला, वढणाऱ्याला बी दिला.”

व्यापारी ऐकत होता. शिष्य मात्र ऐकत नव्हता. तो डाव्या दाराशी वाकून वायर निरखत होता. दाराच्या बिजागरीपाशी जुन्या चिकटपट्टीचा जोड होता. कधीकाळी उंदराने ती वायर कुरतडली होती, आणि कोण्या कारागिराने हाताला लागले ते तुकडे जोडून काम भागवले होते. इकडची रंगीत वायर तिकडे काळी झाली होती. त्या कारागिराने रंग जुळवले नव्हते. पण जुना स्पीकर सुलटा वाजेल असा जोड मात्र केला होता. शिष्याने जुना स्पीकर काढून नवा बसवताना रंग पाहिला, जोड पाहिला नाही. सेल टेकवायला जेवढा वेळ लागतो तेवढाही त्याने दिला नव्हता.

वस्तादांनी चूक कोणाची ते उच्चारले नाही. ते सेल पुन्हा घड्याळात घालण्यात गुंतले. मग शिष्यच सरळ उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

“शेठ, ही वायर मी उलटी जोडली. पयल्या दिवशीच. तुमचा कान बरोबर हुता, आन् मी तुमाला...” त्याने हात जोडले. “माझं चुकलं.”

व्यापारी खाली उतरला. त्याने शिष्याकडे पाहिले, मग दाराकडे, मग पुन्हा शिष्याकडे. “महिनाभर मी माझ्या बायकोशी धड बोललो नाही,” तो म्हणाला. “तिला वाटतंय मला तिच्या गाण्याचा वीट आला.” शिष्याने मान खाली घातली. आता हा माणूस भडकणार, आणि भडकला तर ते योग्यच आहे, असे त्याला वाटले. पण व्यापाऱ्याने एक लांब श्वास सोडला आणि तो गाडीच्या बॉनेटला टेकून उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते आणि चेहऱ्यावर हसू फुटत होते. “मला तुझा राग यायला हवा रे,” तो म्हणाला. “पण येत नाही. वायर आहे ना? नुसती वायरच आहे ना? झालं तर मग! मला इतकं हलकं वाटतंय की काय सांगू.”

शिष्याने डाव्या दाराच्या दोन वायरी अदलाबदल करून जोडल्या, उजव्या पुन्हा लावल्या. या वेळी न सांगता त्याने भिंतीवरचे घड्याळ उतरवले आणि प्रत्येक स्पीकरला, वरच्या बारक्यांनासुद्धा, सेल टेकवून पडदा कोणीकडे हलतो ते पाहिले. वस्तादांनी ॲम्प्लिफायरचा जोर निम्म्याहून खाली आणला. गाणे सुरू झाले. डाव्या-उजव्या बाजूंना टाळ आणि पेटी, आणि मधोमध, काचेपाशी, बाई गाऊ लागल्या. व्यापाऱ्याने एक अख्खा अभंग ऐकला.

अभंग संपल्यावर वस्ताद म्हणाले, “आता बोला. सबवूफर टाकायचा का?”

“अहो, हा ॲम्प्लिफायरसुद्धा काढला तरी चालेल!”

“ऱ्हाऊ द्या त्याला, सुधारलाय त्यो.”

शिष्याला एक प्रश्न छळत होता. “वस्ताद, तुमाला गाडीत बसल्या बसल्या कळलं हुतं. मग सरळ वायर उलटी करून दिली असती तर? एक बाजू बंद कराय कशाला लावली?”

“वायर तर सुदारली असती,” वस्ताद म्हणाले. “पर शेठ घरी जाताना काय म्हणालं असतं? वस्तादानं मशीन चांगली केली, आता म्हाताऱ्याला बी ऐकू येतंय. कानाची भीती त्येंच्या संगट घरी गेली असती. त्येंचा कान खरा हाय हे मी सांगून काय उपेग? त्येंच्या तोंडनं यायला पायजे हुतं, आन् ते बी समदं उलट दिसत असताना.”

व्यापाऱ्याने हे ऐकले मात्र, आणि त्याला काहीतरी आठवून तो दचकला. त्याने खिशातून फोन काढला. पलीकडे मुलगा होता.

“घंटा टेम्पोत चढवली का?... चढवली? उतरव. हो, परत टांग. मी निघालोय, तासाभरात पोचतो. मी ऐकल्याशिवाय ती जायची नाही.” पलीकडून काही विचारणा झाली. “कानाला काही झालेलं नाही रे. आल्यावर सांगतो. आणि हे बघ, ती चांगलीच निवडली असशील तू, पण निरोप माझ्या नावाने गेलाय ना, तो खरा व्हायला हवा. आणि तूही शेजारी उभा राहा, दोघे मिळून ऐकू.”

गाडी निघून गेली. शिष्य बराच वेळ हातातली पक्कड पुसत उभा होता.

“वस्ताद,” तो शेवटी म्हणाला, “त्यांनी मला दुसऱ्याच खेपेला सांगितलं हुतं. माणूस दिसेना म्हणून. अगदी ह्याच शब्दांत. आन् मी त्यांना ॲम्प्लिफायर इकला.”

“आन् आज काय इकत हुतास?”

“सबवूफर.”

वस्ताद हसले, आणि ते हसले म्हणून शिष्यालाही हसता आले. मग तो थोडा गंभीर झाला आणि म्हणाला, “उद्यापासनं गिऱ्हाईक आलं की मी आधी त्येच्या गाडीत बसणार.” वस्तादांनी होकारार्थी मान हलवली आणि उन्हाकडे पाठ करून ते पुन्हा आपल्या खुर्चीत बसले.

आपल्यापाशी कोणी तेच गाऱ्हाणे घेऊन दुसऱ्यांदा आले, तर त्याला आणखी काही देण्याआधी, पहिल्यांदा त्याने नेमके काय म्हटले होते ते आपण आठवून पाहावे.